समुद्रातल्या विहिरीचे पहारेकरी

नागपूरजवळच्या बुटीबोरीत एखाद्या कारखान्यात आग लागली, तर कामगार दाराबाहेर धावतील. पण मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रातल्या तेलफलाटावरील माणसांनी कोठे धावावे? चहूकडे पाणीच! म्हणून तेथे आग विझविण्यापेक्षा ती लागूच न देणे अधिक महत्त्वाचे.

या तेलक्षेत्राचे नाव ‘मुंबई हाय’, पूर्वीचे ‘बॉम्बे हाय’. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदमंचाने येथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल व वायू खडकाच्या बारीक छिद्रांत मोठ्या दाबाखाली कोंडलेले असतात. विहीर खोदणे म्हणजे त्यांना वाट करून देणेच. ती वाट ताब्यात कशी ठेवायची?

पहिला पहारेकरी आहे चक्क चिखल! खोदताना पोकळ नळीतून खास तयार केलेला चिखल खाली सोडतात. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ सुमारे १ वातावरण इतका दाब देतो. म्हणजे १,५०० मीटर खोल विहिरीत नुसते पाणी असेल, तर तळाशी त्याचा दाब १५० वातावरणे होईल. बराइट या जड खनिजाची पूड मिसळून चिखल पाण्याच्या १.२ पट जड केला, तर तोच दाब १८० वातावरणे होतो. खडकातल्या वायूचा दाब याहून कमी असेल, तर तो आतच राहतो. मग चिखल आणखी जड का करू नये? कारण फार जड चिखलाने खडकच तडकतो आणि चिखल भेगांत नाहीसा होतो. आत सोडल्यापेक्षा जास्त चिखल वर येऊ लागला, की समजावे, वायू आत शिरला!

आता दुसरा पहारेकरी पुढे येतो. तो म्हणजे ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’, अर्थात उद्रेकरोधक. अमेरिकेतील जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी व हॅरी कॅमेरॉन यांनी तो १९२२ च्या सुमारास तयार केला. विहिरीच्या तोंडावरील या यंत्रात दोन पोलादी ठोकळे समोरासमोर असतात. द्रवाच्या दाबाने ते आत सरकतात आणि नळीभोवतीची वाट बंद करतात. काही ठोकळ्यांना पाती असतात. ती नळीच कापून विहीर मिटवितात.

तरीही धोका उरतोच. जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ या खोदमंचावर विहिरीचा उद्रेक होऊन आग भडकली. २७ जुलै २००५ रोजी घात झाला तो वेगळ्याच वाटेने. ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी कर्मचाऱ्याला फलाटावर पोचविण्यासाठी जवळ आले आणि खवळलेल्या समुद्रात वायूच्या उभ्या नळावर आदळले. वायू पेटला, फलाट नष्ट झाला. २२ जण दगावले. ३६२ जणांना वाचविण्यात यश आले.

उद्रेकरोधक विहिरीचे तोंड मिटवितो, पण फुटलेल्या नळातला वायू त्याला कसा आवरणार? त्यासाठी नळावरच आपोआप मिटणाऱ्या झडपा हव्यात. १९८८ मध्ये ब्रिटनजवळच्या ‘पायपर अल्फा’ फलाटावर १६७ माणसे गेली, तेव्हा जगाला हा धडा मिळाला होता. एका कुलपाच्या भरवशावर राहायचे नाही. ज्या ज्या वाटेने वायू येऊ शकतो, त्या प्रत्येक वाटेवर पहारेकरी हवा!