हळदीचा रंग आणि हळदीचें मोल

हळद बाजारांत गेली म्हणजे घेणारा प्रथम हळकुंडाचा रंग पाहतो, मग तें मोडून आंतील गाभा पाहतो. रंग उजळ असल्यास भाव चढतो, फिका असल्यास उतरतो. ही रीत जुनी आहे. परंतु डोळ्यांवरच सर्व विसंबण्याच्या या रीतींतच एका मोठ्या घाताचें मूळ आहे, इकडे आम्ही शेतकरी बंधूंचें लक्ष वेधूं इच्छितों.

हळदीस पिवळेपणा देणारें द्रव्य कर्क्युमिन होय. फोगेल व पेलेतिए या रसायनज्ञांनीं तें १८१५ सालीं प्रथम वेगळें काढलें. क्षाराशीं मिळतांच तें तांबडें होतें. चुना किंवा टाकणखार घालून हळदीचें कुंकू करितात, तें याच गुणावर. उजेडांत तें विटतें. खाद्यपदार्थांस रंग देण्याकरितां हें द्रव्य देशोदेशीं वापरतात व १०० या अंकानें तें ओळखलें जातें. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनास ३ मिलिग्रॅम ठरविली आहे.

याउलट लेड क्रोमेट हा शिशाचा रंग. तो रोगणाच्या कामाचा. अन्नाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. तथापि ढोलांत हळकुंडें घासतांना तो चिमूटभर टाकला कीं फिकी हळद तेजदार दिसते, म्हणून लोभी हात तिकडे वळतात. शिसें शरीरांत सांठतें व लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवितें.

शेजारच्या बांगलादेशाचें उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारें आहे. तेथें १९८० नंतरच्या दशकांत महापुरानें हळद भिजून काळवंडली, तेव्हां ती खपविण्यासाठीं हा रंग लावण्याची चाल पडली. पुढें खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें आढळलें व २०१९ सालीं संशोधकांनीं त्याचा माग हळदीपर्यंत लावला. सरकारनें लोकांस सावध केलें, बाजारांत तपासणी केली, दंड ठोठावले. बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत असलेला दोष २०२१ पर्यंत नाहींसा झाला. कायदा व जागृति एकत्र चालल्यास दोन वर्षांत काय घडतें, तें यावरून दिसेल.

आपल्या देशांतहि कायदा आहे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन आतां २००६ चा अन्न सुरक्षा व मानदे कायदा लागू आहे. हळकुंडांत वा पुडींत लेड क्रोमेट किंवा दुसरा बाहेरचा रंग मुळींच चालत नाहीं.

तेव्हां शेतकऱ्यानें काय करावें? पीक पुरतें पक्व झाल्यावर काढावें, हळद वेळेवर शिजवावी, स्वच्छ खळ्यावर वाळवावी, ती भिजूं देऊं नये. ढोलांत नुसत्या घासण्यानें येईल तेवढीच झळाळी घ्यावी. रंग लावून देण्याचें कोणी सुचविल्यास साफ नाकारावें. कारण भेसळ कोणींहि केली तरी नांव हळदीचें व पर्यायानें आपलेंच जातें. पांचदहा जणांनीं मिळून मालाचे नमुने प्रयोगशाळेंत पाठवावे आणि कर्क्युमिनच्या प्रमाणावर भाव मागावा.

जी हळद आपण लेकरांच्या दुधांत घालतों, तीच बाजारांत न्यावी. एवढी एक कसोटी पाळली तरी पुष्कळ झालें.