सुट्टीतले वाचन : अभ्यास नको, खेळ हवा

वऱ्हाडातला उन्हाळा काय असतो, हे अकोलेकरांना वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की सकाळी अकरानंतर जुन्या शहरातल्या गल्ल्या ओस पडतात. किल्ल्याकडे क्रिकेट खेळणारी मुलेही घरात कोंडली जातात. अकरा ते पाच म्हणजे दिवसाचे सहा तास. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. पन्नास दिवस धरले तरी तीनशे तास झाले. एवढ्या वेळात मूल काय करते?

याचे उत्तर मला दवाखान्यात रोज ऐकायला मिळते. जुलाब, उन्हाळी, ताप अशा तक्रारी घेऊन आलेल्या आया-आज्या जाता जाता सांगतात, "डॉक्टरसाहेब, पोट्टं दिवसभर मोबाइलच पायते. पुस्तकाले हातबी लावत नाही. काही गोळी आहे का?"

गोळी नाही, पण उपाय आहेत. ते बिनखर्चाचे आहेत आणि कडू तर मुळीच नाहीत.

आरोग्याच्या सदरात पुस्तक कशाला?

काही वाचकांना हा विषय शिक्षकांचा वाटेल. पण १९८९ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनीच एक उपक्रम सुरू केला. तपासणीला आलेल्या लहान मुलाच्या हाती डॉक्टरने एक पुस्तक द्यायचे आणि ते मुलाबरोबर कसे पाहायचे, हे आई-वडिलांना सांगायचे. पुढे हा उपक्रम त्या देशभर पसरला. मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचून दाखवल्याने त्याची भाषा वाढते आणि आई-वडिलांशी असलेली माया घट्ट होते, हे आता वैद्यकशास्त्र मानते. उलट, दोन वर्षांखालील मुलाला मोबाइल-टीव्ही दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा जास्त दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे.

दुसरे कारण सुट्टीचे आहे. न वापरलेली सायकल गंजते, तसे न वापरलेले वाचनही अडखळू लागते. आपल्या देशात 'असर' या पाहणीत दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती २०.५ टक्के उरली. ज्याला वाचता येत नाही त्या मुलाला वर्गात 'ढ' म्हटले जाते. मग सकाळी शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागते. अशी पोटदुखी मी अनेकदा तपासली आहे. तिचे मूळ पोटात नसते.

निवड मुलाची

फ्लोरिडा राज्यातील एक प्रयोग पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथील गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे प्रत्येकी १२ पुस्तके घरी नेण्यास दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुले वाचनात पुढे असल्याचे दिसले. म्हणून चित्रकथा, विनोद, क्रिकेट, भुते, मुलाला जे आवडेल ते वाचू द्या. तेच पुस्तक दहा वेळा वाचले तरी हरकत नाही. अर्धे सोडले तरी रागावू नका.

घरच्या घरी करण्याजोगे खेळ

१. *पाट्यांची शिकार* : संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलाला घेऊन असदगडापासून राजराजेश्वर मंदिराकडे फेरी मारा. आज फक्त 'ळ' असलेल्या पाट्या शोधायच्या, उद्या जोडाक्षरांच्या. जो जास्त शोधील तो राजा. एसटी स्टँडवर गेलात तर गाड्यांच्या पाट्या त्यालाच वाचू द्या.

२. *स्वयंपाकघरातले वाचन* : पन्ह्याची कृती चार ओळींत कागदावर लिहा. मुलाने वाचायची आणि त्याप्रमाणे करायचे. ओळ चुकली तर पन्हे बिघडते, हे त्याला आपोआप कळते. जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे पाकीटही त्याच्याकडून वाचून घ्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. पाणी कमी-जास्त झाले तर औषधाचा उपयोग होत नाही, अपायही होऊ शकतो. ज्या घरात आजीला अक्षरओळख नाही, तेथे नातवाचे हे वाचन भर उन्हाळ्यात एखाद्याचा जीव वाचवू शकते.

३. *आजीची गोष्ट, नातवाचे पुस्तक* : दुपारी आजीने गोष्ट सांगावी, मुलाने ती तिच्याच वऱ्हाडी शब्दांत लिहावी आणि चित्रे काढावीत. पाठकोऱ्या कागदांना सुईदोऱ्याने शिवले की पुस्तक तयार. मुले स्वतः केलेले पुस्तक पाहुण्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात.

४. *गल्लीचे वाचनालय* : पाच घरांनी चार-चार पुस्तके दिली की वीस झाली. एक जुनी पेटी, एक वही आणि दर आठवड्याला नवा ग्रंथपाल. सातारा जिल्ह्यातील भिलार गावाने २०१७ पासून घराघरांत पुस्तके ठेवून वाचकांना दारे उघडली आहेत. तेच रूप एका गल्लीपुरते आपल्यालाही जमेल. रद्दीच्या दुकानात मुलांची जुनी मासिके स्वस्तात मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. शहरातल्या बाबुजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात मुलाला एकदा तरी घेऊन जा.

५. *आवाज बदलून वाचन* : एकाने वाघ व्हायचे, एकाने म्हातारी. जुन्या पायमोज्यांच्या बाहुल्या केल्या तर धमाल वाढते. अडखळणारे मूलही वाघाच्या आवाजात न लाजता वाचते.

पालकांनो, एवढे टाळा

पुस्तक मिटताच "काय शिकलास?" असे विचारू नका. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. शिक्षा म्हणून वाचायला बसवू नका. रोज १५-२० मिनिटे पुरेत. मात्र त्या वेळी आपलाही मोबाइल बाजूला ठेवा. घरात कोणी वाचताना दिसत नसेल, तर मुलाने कोणाचे पाहून वाचावे? आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. मुलाला वाचायला लावून कौतुकाने ऐकणे, हेही मोठे काम आहे.

डोळ्यांची काळजी

पुस्तक डोळ्यांपासून साधारण एक फूट दूर असावे. पालथे पडून किंवा अंधुक प्रकाशात वाचल्याने डोळे थकतात. कूलरची हवा सरळ डोळ्यांवर घेऊ नये, त्याने डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीतून दूरवर पाहावे. मोकळ्या उजेडात खेळणेही तितकेच गरजेचे आहे. चीनमधील ग्वांगझू येथे सहा वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना दूरचे कमी दिसू लागले, तर इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर मुलांना जरूर बाहेर सोडा.

डॉक्टरला केव्हा दाखवावे?

मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, वाचताना डोके दुखते म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. कित्येकदा 'आळशी' ठरलेल्या मुलाला फक्त चष्मा हवा असतो. डोळे व कान ठीक आहेत, मूल बोलण्यात हुशार आहे, तरी तिसरी-चौथीतही अक्षरांची अदलाबदल करते, ओळी गाळते, असे असेल तर तो वाचनदोष असू शकतो. मार देऊन तो जात नाही. योग्य पद्धतीने शिकवल्यास अशी मुले चांगली पुढे जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळेतील मुलांची दृष्टिदोष व शिकण्यातील अडचणींसाठीही तपासणी केली जाते. आपल्या शाळेत किंवा सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करा.

डोळ्यांची तपासणी शाळा उघडण्याआधीच उरकून घ्यावी. जूनच्या अखेरीस दवाखान्यांत गर्दी होते आणि तोवर मुलाचे नव्या वर्गातले पहिले दिवस फळा न दिसताच निघून जातात. वाचनाच्या खेळाला मात्र मुहूर्त लागत नाही. आज दुपारी जेवणे झाली, की हेच वर्तमानपत्र मुलाच्या हाती द्या आणि त्याला आवडेल ती बातमी वाचून दाखवायला सांगा.