संजीवनीचे मोल

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीस कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली केंडॉल व राइखश्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. तथापि दीर्घ उपचारात या संप्रेरकाची दुसरी बाजूही लवकरच प्रकट झाली.

या जातीचे संप्रेरक म्हणजे देहाची संकटकाळची तरतूद. त्याच्या प्रभावाने यकृत अधिक साखर निर्माण करते आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. संकट टळताच ही तरतूद आवरती व्हावी, हा निसर्गक्रम. रोजच्या गोळीने मात्र ती अखंड चालू राहते. परिणामी रक्तातील साखर चढते, हातपाय कृश होऊन मेद चेहऱ्यावर व पोटावर साठतो, मीठ-पाणी शरीरात अडून रक्तदाब वाढतो. या साऱ्यांचा भार अखेर हृदयावर पडतो.

म्हणून हे औषध त्याज्य ठरत नाही. शक्य तितकी अल्प मात्रा आणि रक्तदाब व साखर यांची नियमित तपासणी, हाच विवेक होय. भयापोटी ते एकाएकी सोडणे प्राणावर बेतू शकते. कारण दीर्घकाळ निद्रिस्त राहिलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे होण्यास अवधी लागतो.