पाण्यातून माशात : रसायनांच्या साठ्याचा अंदाज

पाण्याच्या तपासणीत जेमतेम सापडणारे रसायन त्याच पाण्यात वाढलेल्या माशाच्या अंगात हजारो पट साठलेले असू शकते. या साठण्याला जैवसंचय म्हणतात. मासा कल्ल्यांवाटे आणि खाद्यावाटे रसायन आत घेतो. कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि यकृतात त्याचे विघटन करून ते कमी करतो. आत येण्याचा वेग जास्त असेल तोवर साठा वाढतो, दोन्ही वेग जुळले की स्थिरावतो. तो कुठे स्थिरावेल हे आधी सांगणे म्हणजे जैवसंचयाचा अंदाज. स्थिरावलेल्या साठ्याला पाण्यातल्या प्रमाणाने भागले की जो आकडा येतो तो जैवसंचय गुणक.

इंदापूर तालुक्याला या अंदाजाची गरज इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचा जलाशय तालुक्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरला आहे. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या काठच्या गावांचे जीवन त्याच्याशी बांधलेले आहे. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात मासळी येते ती प्रामुख्याने याच पाण्यातून. त्यात येणारे पाणी मात्र लांबून येते. पवनेसह मुळा-मुठा पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला मिळते. दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहतही जलाशयाच्या वरच्या अंगालाच आहे. बारामतीकडची बाजू वेगळी. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला आणि नीरा पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. हा संगम धरणाच्या खाली असल्याने नीरेतले पाणी उजनीत येत नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यातल्या इंदापूर आणि बारामती या शेजारी तालुक्यांसाठी दोन वेगळे हिशोब मांडावे लागतात.

गुणक काढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग प्रत्यक्ष मोजणीचा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, ३०५ क्रमांकाची चाचणी त्यासाठी जगभर वापरतात. तिची सध्याची आवृत्ती २०१२ ची आहे. मासे साधारण २८ दिवस ठरावीक प्रमाणात रसायन असलेल्या वाहत्या पाण्यात ठेवतात, मग स्वच्छ पाण्यात सोडतात. दोन्ही टप्प्यांत ठरलेल्या दिवशी काही मासे काढून त्यांच्या शरीरातले रसायन मोजतात. पहिल्या टप्प्यावरून आत येण्याचा वेग कळतो, दुसऱ्यावरून बाहेर जाण्याचा. माशात चरबी किती यावर साठा बदलतो, म्हणून निकाल ५ टक्के चरबीच्या माशावर आणून सांगतात. या चाचणीसाठी सुचवलेल्या जातींत झेब्राफिश आहे, तशीच आपल्या मत्स्यशेतकऱ्यांच्या ओळखीची सायप्रिनसही आहे. मोजणी खर्चिक असते आणि तीत बरेच मासे मारावे लागतात. बाजारातल्या हजारो रसायनांसाठी ती करणे शक्यच नाही.

म्हणून अंदाजाची सूत्रे आली. चरबीत विरघळण्याची ओढ मोजायला ऑक्टॅनॉल हा तेलकट द्रव वापरतात. रसायन पाणी आणि ऑक्टॅनॉल यांच्यात वाटले गेले की दोन्हींतल्या प्रमाणांचे गुणोत्तर काढतात. या गुणोत्तराचा लॉगॅरिदम ०.८५ ने गुणून ०.७० वजा केला की जैवसंचय गुणकाचा लॉगॅरिदम मिळतो. हे सूत्र १९७९ साली वीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. गुणोत्तर १,००० असेल तर जैवसंचय गुणक सुमारे ७० येतो. गुणोत्तर १ लाख असेल तर सुमारे ३,५००. म्हणजे दुसऱ्या प्रकारचे रसायन पाण्यात लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम असले, तर माशात किलोमागे सुमारे ३५० मायक्रोग्रॅम होण्याचा संभव. युरोपीय संघाच्या रीच या रसायनविषयक कायद्यात २,००० च्या वरचा गुणक जैवसंचयी आणि ५,००० च्या वरचा अतिजैवसंचयी मानतात. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराची मर्यादाही ५,००० ची आहे, आणि भारताने तो करार २००६ साली मंजूर केला.

सूत्र कुठे चुकते हे जाणणे त्याच्या वापराइतकेच महत्त्वाचे. पहिली चूक विघटनाची. काही तेलकट रसायने माशाचे यकृत झपाट्याने मोडते, त्यामुळे खरा साठा सूत्रापेक्षा कितीतरी कमी निघतो. २०१८ पासून ट्राउट माशाच्या यकृतपेशींवर विघटनाचा वेग मोजण्याची ओईसीडीची ३१९ क्रमांकाची पद्धत मान्य झाली आहे, आणि तिने अंदाज सुधारतो. दुसरी चूक फार तेलकट रसायनांची. ती पाण्यातल्या गाळाला आणि शेवाळाला चिकटतात, कल्ल्यांपर्यंत मोकळी पोचत नाहीत. तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे. पीएफओएससारखी फ्लोरीनयुक्त रसायने चरबीत न जाता रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतात. चरबीवर बेतलेले सूत्र त्यांना लागूच पडत नाही.

खाद्यातून होणारी भर धरायची तर अन्नसाखळीचे गणित मांडावे लागते. अर्नोट आणि गोबास यांचे २००३ चे प्रतिमान पाणी, खाद्य, विष्ठा, विघटन आणि माशाची वाढ अशा प्रत्येक वाटेचा वेग धरून हिशोब करते. उजनीसाठी हाच मार्ग जास्त योग्य. चिलापी शेवाळ आणि सडके सेंद्रिय द्रव्य खाते, मृगळ तळाशी चरतो, मरळ आणि वाम इतर जीव खातात. हळू विघटन होणारे तेलकट रसायन चिलापीपेक्षा मरळीत जास्त सापडेल, असे हे गणित सांगते. तळाच्या गाळाचाही वेगळा विचार हवा. ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणात सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्याखाली उतरते तेव्हा मासे थोड्या पाण्यात, गाळाच्या जवळ येतात. फक्त पावसाळ्यातल्या नमुन्यावरून काढलेला अंदाज अशा जलाशयात फसवा ठरेल.

धातूंचा हिशोब आणखी निराळा. मासा तांबे, जस्त अशा धातूंवर शरीरातच नियंत्रण ठेवतो. पाण्यात धातू कमी असताना त्याचा गुणक उलट मोठा दिसतो. त्यामुळे धातूंसाठी गुणकावर भिस्त न ठेवता मांस, यकृत आणि कल्ले तपासणेच योग्य. पारा मात्र अशा नियंत्रणाला अपवाद आहे. ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो साखळीत वर वर वाढत जातो. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ मध्ये उघडकीस आला तो मिथाइल पारा साठलेले मासे खाल्ल्यानेच. भारतात खाद्यपदार्थांतल्या मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे.

या विषयाला लागून असलेले काम बारामतीतच चालते. माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. तिथे पंगस माशांवर आर्सेनिकसारख्या धातूसदृश विषांचा आणि वाढत्या तापमानाचा एकत्र परिणाम अभ्यासला जातो. सेलेनियम, जस्त यांचे नॅनोकण खाद्यात दिल्यास मासा हा ताण कितपत सोसतो, हेही तपासले जाते. पाणी तापले की माशाचा श्वसनवेग वाढतो, कल्ल्यांतून जाणारे पाणी वाढते आणि विषही. दुष्काळी पट्ट्यातल्या शेततळ्यांसाठी ही माहिती फार मोलाची आहे.

नदीच्या नेहमीच्या तपासणीत विरघळलेला ऑक्सिजन, जैविक ऑक्सिजन मागणी, आम्लता हे घटक प्रामुख्याने पाहिले जातात. मासा जगेल की नाही, हे त्यावरून कळते. त्याच्या अंगात काय साठले, हे कळत नाही. त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट यंत्र नाही, यादी आहे : वरच्या अंगाच्या कारखान्यांत कोणती रसायने वापरली जातात आणि सांडपाण्यातून कोणती बाहेर पडतात, याची. यादी हाती आली की सूत्राने धोक्याची मोजकी रसायने वेगळी काढता येतात, आणि खर्चिक तपासणी तेवढ्यापुरती, मरळ, वाम आणि चिलापीच्या मांसावर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर करता येते. ही यादी जाहीर व्हावी आणि ही तपासणी दरवर्षी व्हावी, एवढी मागणी उजनीकाठच्या मच्छीमारांनी आणि मासे खाणाऱ्यांनी करायलाच हवी.