चोरीच्या गाण्यालाही पैसे मोजले जात होते

स्मार्टफोन सर्रास होण्याआधी देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या मोबाईल दुकानांत 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी हमखास दिसायची. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार ते कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरवरचे फोल्डर दाखवायचा: अभंग, भीमगीतं, लावणी, नवीन हिंदी. दहा-वीस रुपयांत दोन जीबीचं कार्ड भरायचं, म्हणजे साधारण चारशे गाणी. कायद्याने ही चोरीच होती. पण हे गाणं फुकट नव्हतं. त्याचे पैसे रोख मोजले जात होते, फक्त ते कंपनीपर्यंत पोहोचत नव्हते. लोकांची पैसे द्यायची तयारीच नाही, हा संगीत कंपन्यांचा लाडका युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

गिऱ्हाइकाची तक्रार नुसत्या किमतीची नव्हती, विकण्याच्या पद्धतीचीही होती. देहूरोडजवळ तुकोबांचं देहू आहे, खुद्द देहूरोडमध्ये बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली तो विहार आहे, आणि लष्करी डेपोमुळे देशभरातून आलेली कुटुंबं आहेत. इतक्या तऱ्हांच्या आवडीपुढे कंपन्या ठेवत होत्या तो अख्खा अल्बम. दोन गाण्यांसाठी दहांचे पैसे. भाव उतरला की गिऱ्हाईक येतं, हे कॅसेटच्या काळातच सिद्ध झालं होतं. एचएमव्हीच्या मक्तेदारीला १९८०च्या दशकात टी-सिरीजने धक्का दिला, तो स्वस्त कॅसेट पानटपरी आणि किराणा दुकानापर्यंत नेऊन. उलट १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तरी कॅसेटमागून एमपीथ्री सीडी आली आणि सीडीमागून मेमरी कार्ड. अमेरिकेतही १९९९ साली सुरू झालेली, गाण्यांच्या फाइली फुकट देण्याघेण्याची नॅपस्टर ही सेवा २००१ मध्ये कोर्टाने बंद पाडली. फाइलींची देवाणघेवाण काही थांबली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं, सुटी गाणी अगदी माफक दरात विकली, तरी २०१३ मध्ये ते गुंडाळावं लागलं. मग स्वस्ताईने काय साधलं? पण तेव्हा ऑनलाइन पैसे भरायला कार्ड किंवा नेटबँकिंग लागे, आणि डेटा महाग होता. कंपनीतून सुटलेल्या कामगाराला कोपऱ्यावरचं दुकान त्याहून कितीतरी सोपं होतं. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत किंवा जाहिराती सोसून हवं ते गाणं मिळू लागलं, आणि गाणी भरून देण्याचा धंदा छाप्यांविना ओसरला.

दुसरा आक्षेप कलावंताचा: चोरीने त्याचं पोट मारलं. खरंच आहे, छोट्या निर्मात्याचं तर कंबरडंच मोडलं. पण अधिकृत विक्रीतही अनेकांच्या हाती एकरकमी बिदागीच पडायची. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने पक्का केला. म्हणून चोरीचं समर्थन होत नाही. मात्र कलावंताचं नाव पुढे करून चढे भाव राखणाऱ्यांनी आधी त्याच्या वाट्याचा हिशेब दाखवावा. श्रोत्याने खिशात हात घालायला कधीच नकार दिला नव्हता; त्याला परवडेल आणि जमेल अशा रीतीने पैसे घ्यायला व्यवस्थेनेच उशीर केला.