मत्स्यपारधीच्या जागा
मत्स्यपारधीच्या जागा : गळाने मासे पकडण्यास अनुकूल व वर्दळीपासून दूर असलेली जलस्थाने. मैंदर्गी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) ज्या तालुक्यात आहे, तेथून वाहणारी बोरी ही भीमेची उपनदी होय. पूल, घाट व बंधारे यांच्याजवळ पोहोचणे सोपे असल्याने तेथे गर्दी होते. म्हणून नकाशावर त्यांपासून दूरची वळणे हेरून काठाने पायी जावे लागते. वळणाच्या बाहेरील बाजूस प्रवाहामुळे काठ झिजून पाणी खोल होते, तर आतील बाजूस वाळू साचते. मरळ पाणवनस्पतींच्या आश्रयाने उथळ, संथ पाण्यात राहतो. शिवडा खोल डोहात आढळतो. पहाट व सायंकाळ या वेळा सामान्यतः अनुकूल ठरतात.

उन्हाळ्यात प्रवाह खंडित झाल्यावर मासे डोहांत एकवटतात व सहज सापडतात. परंतु पावसाळ्यात अंडी घालणारे मासेही त्यांतच असतात. असा डोह उपसला गेल्यास पुढील पिढी घटते. म्हणून मोजकेच मासे घेऊन मोठ्या माद्या सोडून देणे हितावह असते. अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे पूर्वपरवानगी आवश्यक असते.