घरच्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातील कोळंबीची पैदास

गोड्या पाण्यातील कोळंबी, जिला कित्येक भागांत झिंगा म्हणतात, ती काचेच्या टाकीत वाढविणे अवघड नाही. तिची पैदास होईल की नाही, हे मात्र टाकीच्या आकारावर किंवा खाद्यावर ठरत नसून प्रथम कोळंबीच्या जातीवर ठरते. जात न ओळखता केलेले श्रम वाया जातात.

मोठ्या झिंग्याची अडचण

नदीत व शेततळ्यात वाढणारा मोठा झिंगा आपल्या ओळखीचा आहे. त्याची अंडीवाली मादी टाकीत आणून ठेवल्यास सुमारे तीन आठवड्यांत अंडी फुटतात व हजारो पिल्ले पाण्यात तरंगू लागतात. परंतु चार-पाच दिवसांत ती सर्व मरतात. पाळणारा पाण्याला वा खाद्याला दोष देतो. खरे कारण निराळे आहे. या जातीची मादी निसर्गात अंडी घेऊन खाडीकडे उतरते, कारण पिल्लांना आरंभी निमखारे पाणी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ शाओ-वेन लिंग यांनी १९६१ च्या सुमारास मलायात हे रहस्य उलगडले आणि त्यानंतरच या झिंग्याच्या बीजोत्पादनाचा मार्ग मोकळा झाला. दर लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात, अकरा अवस्था पार करून, पिल्ले तीन ते पाच आठवड्यांनी गोड्या पाण्यास योग्य होतात. हे काम बीजोत्पादन केंद्राचे आहे, घरच्या टाकीचे नव्हे. शेततळ्यासाठी बीज केंद्रातूनच आणावे.

टाकीला योग्य जात

घरी पैदाशीसाठी ‘चेरी’ नावाची लहान लाल कोळंबी निवडावी. ती मूळची तैवान व चीनकडील असून पूर्ण वाढ झाल्यावर तीन सेंटीमीटरच्या आसपास भरते. तिची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतानाच आईबापांसारखी दिसतात व त्यांना खाऱ्या पाण्याची गरज नसते. मादी नरापेक्षा मोठी व गडद रंगाची असते. तिच्या पाठीवर पिवळसर डाग दिसू लागला की अंडी तयार होत आहेत असे समजावे. मादीने कात टाकल्यावर संयोग होतो व वीस-तीस अंडी ती पोटाखालच्या पायांत धरून सतत हलवीत राहते. सुमारे एक महिन्याने दोन मिलिमीटरची पिल्ले बाहेर पडतात आणि दोन-तीन महिन्यांत स्वतः पैदाशीस योग्य होतात.

टाकीची तयारी

वीस ते तीस लिटरची टाकी दहा-बारा कोळंब्यांना पुरते. तळाशी धुतलेली वाळू पसरावी, पाणवनस्पती लावाव्या आणि हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवावी. अन्य गाळणीत पिल्ले ओढली जातात. पाणी भरून लगेच कोळंबी सोडू नये. विष्ठा व उरलेले अन्न कुजून तयार होणारा अमोनिया पचविणारे जिवाणू गाळणीत वाढण्यास तीन ते पाच आठवडे लागतात. तोवर टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ती चालू ठेवावी. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली असल्यास त्या दिवशीचे पाणी घेऊ नये. नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मग वापरावे. पाणी २२ ते २७ अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यात टाकी सावलीत ठेवून बाहेरून ओले फडके गुंडाळावे.

खाद्य व निगा

टाकीतील शेवाळ हेच मुख्य खाद्य होय. जोडीला उकडलेल्या दुधीची किंवा पालकाची लहान फोड अथवा पान द्यावे व दोन-तीन तासांनी उरलेले काढून टाकावे. देशी बदामाचे वाळलेले पान टाकीत ठेवल्यास त्यावर जमणारा बुळबुळीत थर पिल्ले आवडीने खातात. टाकलेली कात काढू नये. कोळंबी ती खाऊन चुना परत मिळविते. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे. टाकीत मासे ठेवल्यास पिल्ले उरत नाहीत.

शेतकऱ्याने विशेष जपावे

कोळंबी ही कीटकांच्या दूरच्या नात्यातील असल्याने कीटकनाशकाचा अल्प अंशही तिला घातक ठरतो. मोरचूद व बोर्डो मिश्रणातील तांबे तर तिला विषच होय. फवारणी करून आलेल्या हाताने टाकीत काम करू नये, फवारणीची बादली पाण्यास वापरू नये आणि फवारलेली भाजी खाद्य म्हणून देऊ नये. बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या साऱ्या कोळंब्या एका रात्रीत मेल्या, तर ग्रामसेवकाने प्रथम याच गोष्टींची चौकशी करावी.

पिल्ले वाढून टाकी अपुरी पडू लागल्यास ती दुसऱ्या टाकीत हलवावी वा इतर हौशी पाळणाऱ्यांना द्यावी. परदेशी जात असल्याने ती ओढ्यात किंवा विहिरीत कधीही सोडू नये. आपल्या ओढ्यांतही लहान कोळंब्यांच्या अनेक जाती राहतात आणि आगंतुक जातीमुळे त्यांची जागा व अन्न हिरावले जाण्याचा धोका असतो.